पुढे बाग, मागे बाग, मध्ये मुलुंड

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली आणि अंधेरी मिळून जेवढ्या खासगी बागा उरल्या असतील, त्यांच्यापेक्षा जास्त बागा सध्या माझ्या डायनिंग टेबलावर, वह्यांच्या गठ्ठ्यात आहेत. प्रत्येक बागेत सफरचंदाचं झाड आहे आणि झाडाखाली मांजर आहे. बागेमागे दुमजली घर आहे आणि ते पांढरं आहे, कारण फ्रेंचमध्ये घर स्त्रीलिंगी असतं आणि पांढऱ्याचं स्त्रीलिंगी रूप परीक्षेत हमखास येतं. घराला वर माळा आहे, खाली तळघर आहे आणि तळघरात वाइन आहे. वाइनचा मालक सातवीत शिकतो. तो झवेर रोडवर दुसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत आई, बाबा, आजी आणि ताई यांच्यासह राहतो. त्याच्या इमारतीत जमिनीखाली काही असेल तर ती पाण्याची टाकी, आणि तिच्या झाकणाची किल्ली सेक्रेटरींकडे असते.

मी फ्रेंचच्या शिकवण्या घेते. मुलुंडमध्ये मॅथ्स-सायन्सचे क्लास गल्लोगल्ली आहेत आणि अकाउंट्सचे त्याहून जास्त. फ्रेंचची शिकवणी म्हटलं की लोक आधी ‘कशासाठी?’ असं विचारतात आणि मग ‘स्कोरिंग असतं म्हणे’ असं उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. ते खरंच आहे. अकरावीला सायन्स घेतलेली पोरं फ्रेंचकडे वळतात ती काही व्हिक्टर ह्यूगोसाठी नव्हे. फिजिक्सने खाल्लेले मार्क कुठूनतरी वसूल करायचे असतात. शाळेतली मुलं येतात ती आईने पाठवलं म्हणून. तिसरा गट रात्री साडेआठनंतर ऑनलाइन येतो. लॅपटॉप मांडीवर, मागे कुकरची शिट्टी आणि कॅमेरा बंद. हे कॅनडावाले, म्हणजे तिकडे जायला निघालेले. पूर्वी अशा मोठ्या माणसांना फ्रेंचसाठी न्यू मरीन लाइन्सला आलियाँस फ्राँसेझमध्ये जावं लागायचं आणि क्रियापदं लोकलमध्ये पाठ व्हायची. बोरिवली फास्टमध्ये दांडीला लटकून ‘असणे’ चालवत जाणारी माणसं मी पाहिली आहेत. ‘मी आहे, तू आहेस, तो आहे’ हे त्या डब्यात सिद्ध करणं सोपं नव्हतं.

तिन्ही गटांना निबंध मात्र एकच असतो: तुम्ही कुठे राहता? कुटुंबाचा धडा झाला की घराचा धडा येतो. फ्रेंच पुस्तकवाल्यांचं हे घराचं वेड जुनं आहे. गास्ताँ मोझे यांच्या पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग 1953 साली निघाला आणि पुढे कितीतरी वर्षं जगभर, आपल्याकडेसुद्धा, लोक त्यावरच फ्रेंच शिकले. त्यात वँसाँ नावाचं कुटुंब कॅनडाहून पॅरिसला येतं. माझे साडेआठचे विद्यार्थी तेच पुस्तक शेवटच्या पानाकडून पहिल्या पानाकडे वाचायला निघालेत, एवढंच.

आता या निबंधाची गंमत अशी की आपल्या उपनगरातल्या घराबद्दल फ्रेंचमध्ये खरं लिहिलं की ते खोटं वाटतं आणि खोटं लिहिलं की दहापैकी आठ मिळतात. मुलांना हे फार लवकर कळतं. पुस्तकात घराचं मधोमध कापलेलं चित्र असतं. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर आई-बाबांची खोली, मुलाची वेगळी, मुलीची वेगळी. चित्राखाली प्रश्न असतो, ‘तुझ्या खोलीचं वर्णन कर.’ सातवीतली एक मुलगी मला विचारते, “टीचर, माझी खोली म्हणजे किती वाजताची?”

प्रश्न अगदी रास्त आहे. तिच्या हॉलमध्ये सकाळी सहाला बाबांचे सूर्यनमस्कार असतात. साडेसातपर्यंत इस्त्रीची घडी. दुपारी आजीची झोप, आणि ती चालू असताना कुणी पंखा बंद करायचा नाही. चार ते सहा मी सुचवलेला अभ्यास, साडेसातनंतर मालिका. साडेदहाला टीपॉय उभा करून भिंतीला लावला की गाद्या पडतात आणि मग ती तिची खोली. फ्रेंच पुस्तकात खोल्या जागेने वाटलेल्या असतात, आपल्याकडे वेळापत्रकाने. हे तिने प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलं असतं तर तिला घराच्या धड्याआधी घड्याळाचा धडा लागला असता आणि तो दोन धडे पुढे आहे. म्हणून तिने लिहिलं, ‘माझी खोली मोठी आणि निळी आहे. खिडकीतून बाग दिसते.’ मी बरोबरची खूण केली. करणार काय? विशेषण नामाच्या मागे, लिंग बरोबर, वचन बरोबर.

शब्दयोगी अव्ययांच्या धड्यातही हाच प्रकार होतो. पुस्तकातल्या चित्रात टेबलावर फुलदाणी आणि टेबलाखाली मांजर, की झाला धडा. अर्ध्या तासाचं काम. एकदा एका पोराला पुस्तक मिटायला सांगितलं आणि म्हटलं, तुझ्या घरातल्या पलंगाखाली काय आहे ते सांग. तो ‘थांबा’ म्हणाला, फोन घेऊन आत गेला, पलंगाची फळी उचलली आणि मला दाखवू लागला. दिवाळीचे कंदील, गणपतीच्या मखराचे थर्माकोल, बंदी यायच्या आधीचे. दोन सुटकेसेस, मोठीच्या पोटात छोटी, छोटीच्या पोटात रजया. आत्याच्या लग्नात मिळालेला आणि अजून पुठ्ठ्यातून न निघालेला डिनर सेट. बाबांचे क्रिकेटचे पॅड्स. तांदळाचा डबा. कुणाच्या तरी रुखवतातलं काहीतरी. त्याखाली वर्तमानपत्र, त्यावर सचिनचं शंभरावं शतक, म्हणजे मार्च 2012. पोराचं ‘खाली’ हे अव्यय जन्मभरासाठी पक्कं झालं. आईचा मात्र नंतर फोन आला की मॅडम, उत्खनन करायचं असेल तर आदल्या दिवशी सांगत जा.

खरं लिहिलं की खोटं वाटतं, याचा सर्वात चांगला नमुना बोरिवलीचा. एका मुलीने ‘घराच्या आसपासचा निसर्ग’ या विषयावर लिहिलं, ‘आमच्या इमारतीच्या मागे जंगल आहे. जंगलात बिबट्या आहे. कधी कधी तो सोसायटीत येतो. वॉचमन खुर्चीवर चढतो.’ चार वाक्यं, चारही खरी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्रफळ आहे साधारण 104 चौरस किलोमीटर आणि आख्ख्या पॅरिस शहराचं आहे 105. म्हणजे बोरिवलीच्या मागे पॅरिसएवढं जंगल आहे आणि त्यात बिबटे राहतात, हे ज्याने बोरिवली पाहिली नाही त्याने कशाच्या बळावर मानावं? शाळेतल्या बाईंनी समासात लिहिलं, ‘कल्पनाशक्ती छान, पण विषयाला धरून लिही.’ तिच्याच बाकावरच्या मुलाने सफरचंदाचं झाड आणि ससा लिहिला होता. तो विषयाला धरून होता.

अंधेरीकरांचा त्रास वेगळा. वर्सोव्याकडे सात बंगला आणि चार बंगला आहेत. म्हणजे नावं आहेत, बंगल्यांच्या जागी टॉवर आलेत. तिथला विद्यार्थी भाबडेपणाने लिहितो, ‘मी सात बंगल्यांत राहतो.’ पुढचं वाक्य, ‘घर लहान आहे.’ वाचणाऱ्याला वाटतं, या माणसाची हाव काही संपत नाही.

सगळ्यात मजा येते खोल्या मोजताना. आपण वन बीएचके म्हणतो तेव्हा बेडरूम तेवढी मोजतो, हॉल आणि किचन ही कायमची शेपटी. फ्रान्समध्ये बैठकीची खोली आणि झोपायची खोली दोन्ही मोजतात, पण स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत. त्यामुळे तेच घर तिकडे टी 2, म्हणजे दोन खोल्यांचं. मॉन्ट्रियलमध्ये आणखी पुढची पायरी. तिथे बैठक मोजतात, बेडरूम मोजतात, स्वयंपाकघरही मोजतात आणि न्हाणीघराला अर्धा आकडा देतात. मग तेच घर साडेतीन होतं. जाहिरातीत चक्क 3½ असं छापलेलं असतं. म्हणजे मुलुंडचा माणूस फ्रेंच शिकून पॅरिसमार्गे मॉन्ट्रियलला गेला तर एका चौरस फुटाचीही भर न पडता एकाचे साडेतीन होतात. आमच्या मालमत्ता बाजारात एवढी कमाई अजून कोणी केलेली नाही. कॅनडावाल्यांच्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच सगळ्यांचे कॅमेरे चालू झाले. एकाने विचारलं, “मॅडम, संडास आणि बाथरूम वेगळं असेल तर चार धरतात का?”

चौरस मीटर हा मात्र अपमानाचा भाग आहे. साडेचारशे चौरस फूट म्हणताना छाती जरा फुगते. फ्रेंच वहीत त्याचे बेचाळीस होतात आणि बेचाळीस हा आकडा घराचा वाटतच नाही, चपलेचा वाटतो. शिवाय फ्रेंच लोक मोजण्यात कडक. तिकडे 1996 सालापासून लोआ कारेझ नावाचा कायदा आहे. इमारतीतला फ्लॅट विकताना भिंती, जिने वगळून मोजायचं आणि जिथे छताची उंची 1 मीटर 80 सेंटिमीटरपेक्षा कमी आहे ती जागा धरायचीच नाही. म्हणजे आमचे माळे बाद! ज्या माळ्यांवर मुंबईची अर्धी संपत्ती आणि सगळी जुनी पितळी भांडी आहेत ते बाद! आपल्याकडे रेरा येईपर्यंत सुपर बिल्टअप नावाचा प्रकार चालायचा. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी आणि बिल्डरचा आत्मविश्वास हे सगळं फ्लॅटच्या क्षेत्रफळात धरलेलं असे. त्या काळात कुणी मोस्यू कारेझना घेऊन घाटकोपरला गेलं असतं तर ते टेप परत गुंडाळून चहा पिऊन निघाले असते.

तिकडे भाड्याने द्यायच्या घरात निदान एक खोली 9 चौरस मीटरची हवी, असाही नियम आहे. नऊ म्हणजे सत्त्याण्णव चौरस फूट. यावर आमच्याकडे एक उतारा होता. पॅरिसमध्ये शिकणारी एक मुलगी सहाव्या मजल्यावर, छपराखालच्या जुन्या मोलकरणीच्या खोलीत राहते. लिफ्ट नाही, संडास बाहेर पॅसेजमध्ये सगळ्यांना मिळून एक. उताऱ्याखाली प्रश्न होता, ‘तिला कोणत्या अडचणी आहेत?’ वर्गातली मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी विक्रोळीचा एक मुलगा म्हणाला, “एकटी राहते?” मी म्हटलं, हो. “नऊ मीटरमध्ये एकटी?” हो. मुलाने उत्तर लिहिलं, ‘तिला काहीही अडचण नाही.’ उत्तरसूचीप्रमाणे हे चूक होतं. मी अर्धा गुण दिला, न्हाणीघराला देतात तसा.

मग बाँलियचं प्रकरण. उपनगराला फ्रेंचमध्ये बाँलिय म्हणतात आणि शब्दकोशापुरतं ते ठीक आहे. पण पॅरिसजवळची बाँलिय म्हटल्यावर फ्रेंच माणसाच्या डोळ्यांपुढे येतात त्या सरकारी भाड्याच्या उंच इमारती, बेकारी आणि 2005 साली क्लिशी-सू-ब्वापासून पेटलेल्या दंगली. आपलं उपनगर म्हणजे काय, तर गिरगाव-दादरच्या खोलीतून निघालेला मध्यमवर्ग जिथे पहिल्यांदा स्वतंत्र संडासात बसला ती जागा. अभिमानाची गोष्ट आहे. मुलुंड-दहिसर महापालिकेच्या हद्दीत आले 1957 साली, पण आमची आजी शेवटपर्यंत ‘मुंबईला जाऊन येते’ म्हणायची आणि तिकडे जायचं तर चांगलं लुगडं नेसायची. तेव्हा ‘मी बाँलियमध्ये राहतो, मला माझी बाँलिय फार आवडते, इथे शांतता आहे आणि चांगल्या शाळा आहेत’ हे आमच्या मुलाने लिहिलेलं वाक्य तिकडच्या माणसाला उपरोध वाटू शकतं. मी मुलांना सांगते, बाबांनो, व्हर्सायसुद्धा पॅरिसचं उपनगरच आहे. तेव्हापासून एकाने लिहायला सुरुवात केली आहे की मुलुंड हे मुंबईचं व्हर्साय आहे. मुलुंडला उपनगरांचा राजपुत्र म्हणतातच. मी खोडलं नाही.

परीक्षेत पत्रलेखनालाही घरच येतं. भाड्याच्या घराची जाहिरात दिलेली असते: दोन खोल्या, तिसरा मजला, स्टेशनजवळ. घरमालकाला पत्र लिहून माहिती विचारा, शब्द साठ. अपेक्षित प्रश्न असे की भाडं किती, हीटर आहे का, कधीपासून मिळेल. घाटकोपरच्या एका विद्यार्थिनीच्या पत्राची सुरुवात होती, ‘नमस्कार महाशय. मी शाकाहारी आहे. माझे आईवडील शाकाहारी आहेत. आमच्याकडे पाहुणे येत नाहीत.’ साठातले पंधराएक शब्द इथेच खर्च. फ्रेंच घरमालक विचारात पडेल की ही बाई घर भाड्याने घेतेय की जेवायला येतेय. पण ज्यांनी घाटकोपर-मुलुंड पट्ट्यात घर शोधलं आहे त्यांना कळेल की तिने मुद्द्याचं तेच आधी लिहिलं होतं. त्याच बॅचमधल्या मालवणी मुलाने त्या प्रश्नाला हातच लावला नाही. म्हणाला, “मॅडम, मासे खातो हे लपवून साठ शब्द होत नाहीत.”

उलट काही धडे असे येतात की शिकवताना मलाच ओशाळल्यासारखं होतं, फ्रेंचांच्या वतीने. पॅरिसच्या सतराव्या वॉर्डात 1999 साली एका नगरसेवकाने ‘शेजाऱ्यांचा सण’ सुरू केला. एकाच इमारतीत राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा खाली उतरून, थोडं खाणंपिणं करून एकमेकांची ओळख करून घ्यायची. आता तो देशभर होतो आणि पाठ्यपुस्तकातही आला आहे. धडा वाचून झाल्यावर मुलं गप्प होती. एकीने विचारलं, “उरलेले दिवस त्यांना त्यांच्या घरातलं कोण सांगतं?”

आता एका वेगळ्या निबंधाबद्दल. घाटकोपरला पंतनगरमध्ये राहणारे एक काका माझ्याकडे फ्रेंच शिकायला आले. वय सत्तरीच्या पुढे. मुलगी लिआँला, जावई तिकडचा, आणि नातू जो काही बोलतो ते यांना कळत नाही. काकांना फक्त वर्तमानकाळ येत होता आणि शब्द असतील शेदीडशे. त्यांना मी तोच विषय दिला. त्यांनी लिहिलं: ‘मी घाटकोपरला राहतो. घर लहान आहे. घर जुनं आहे. दार उघडं असतं. शेजारीण वाटी घेऊन येते. मी वाटी परत देतो. वाटी रिकामी नसते. मला स्वयंपाक येत नाही. मी केळं ठेवतो.’

मराठीत हाच निबंध सांगितला असता तर काकांनी पंतनगरचा इतिहास, म्हाडाची वसाहत, सोसायटीचं राजकारण आणि मेट्रो आल्यापासून वाढलेली गर्दी यांवर चार पानं भरली असती. त्या चार पानांत केळं आलं नसतं. भरपूर भाषा असते तेव्हा आपण तिच्यात घर सजवतो. शब्दच तोकडे असले की जे आहे तेवढंच लिहावं लागतं. मुलं पुस्तकातली बाग उचलतात कारण त्यांना मार्क हवे असतात. काकांना मार्क नको होते, म्हणून त्यांच्या घरात फर्निचर कमी आणि माणसं जास्त निघाली. हा निबंध मी पुढच्या बॅचला वाचून दाखवला तर एक अकरावीची मुलगी म्हणाली, “छान आहे, पण यात एकही उभयान्वयी अव्यय नाही, याला बोर्डात किती मिळतील?” तिला सायन्सला नव्वदच्या वर हवे आहेत.

कॅनडावाल्यांना मात्र थोडक्यात सुटका नाही. कॅनडाने 2023 पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळी निवड सुरू केली आणि आमच्याकडचे आयटीवाले, फार्मावाले, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक चार्टर्ड अकाउंटंट असे सगळे एकदम फ्रेंच साहित्याचे चाहते झाले. त्यांच्या परीक्षेत किमान दोनशे शब्दांचं मतप्रदर्शन करावं लागतं. वर्तमानपत्रात एक विधान आलं आहे असं समजायचं आणि त्यावर संपादकांना पत्र लिहायचं. सरावाचा लाडका विषय: शहर बरं की खेडं?

इथे सगळे खेड्याच्या बाजूने लिहितात. शुद्ध हवा, ताज्या भाज्या, शांत झोप, पक्ष्यांचा आवाज. एकाचं पत्र वाचून तर मला वाटलं हा उद्या राजीनामा देऊन संगमेश्वरला आंब्याची कलमं लावणार. मी विचारलं, गावी घर आहे का? आहे म्हणाला, कुडाळजवळ, वाड्यात चौदा जणांचे हिस्से आहेत, गणपतीला जातो. राहाल का तिकडे? तो दचकला. “मॅडम, काहीतरीच काय. तिकडे रेंज नसते.” पण पत्र खेड्याच्या बाजूने का? तर त्याला कारण होतं, आणि ते मी आजवर ऐकलेल्यांतलं सगळ्यात प्रामाणिक होतं: “शहराच्या बाजूने लिहायचं तर वाहतूक, वीज, रुग्णालय, भाडेकरार असे कठीण शब्द लागतात. खेड्याला झाड, गाय आणि पक्षी एवढ्यात भागतं.” त्याने एवढं समजावून सांगितल्यावर मी त्याला कॅनडातलं ठिकाण विचारलं. टोरांटोच्या बाहेर, म्हणाला, लोकल असलेलं उपनगर बघतोय. तिथेही फास्ट ट्रेन थांबते का हे त्याने आधी पाहून ठेवलं होतं.

जे मॉन्ट्रियलला पोचले त्यांच्याकडून एक बातमी कळली की तिथे बहुतेक भाडेकरार 1 जुलैला सुरू होतात, त्यामुळे त्या दिवशी अर्धं शहर एकदम घर बदलतं. रस्त्यांवर गाद्या, फ्रीज, सोफे. आपल्या अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर वाढलेल्या माणसाला यात नवल वाटलं नाही, फक्त सगळ्यांनी एकाच दिवशी का, एवढाच प्रश्न पडला. टेम्पो मिळत नसेल, म्हणाला.

राहता राहिला रिडेव्हलपमेंटचा मुलगा. बारावीत आहे, मुलुंड पूर्वेचा. त्याची इमारत चार मजली, बिनलिफ्टची, पाडायला गेली त्या वर्षी आम्ही भूतकाळातला अँपार्फे शिकत होतो. हा काळ नेहमी घडत असलेल्या जुन्या गोष्टींसाठी असतो. पोराने झकास लिहिलं: ‘आमच्या घरात ऊन यायचं. आजी गच्चीवर पापड वाळत घालायची. कावळे यायचे.’ वर्तमानकाळ त्याच्याकडे तयारच होता: ‘आम्ही ठाण्याला भाड्याच्या घरात राहतो. भाडं बिल्डर देतो.’ मग भविष्यकाळ आला आणि पोराने बिल्डरचं ब्रोशर समोर ठेवूनच निबंध लिहिला: ‘आमचं घर बाविसाव्या मजल्यावर असेल. पोडियमवर बाग असेल. पोहायचा तलाव असेल. आजोबांसाठी जॉगिंग ट्रॅक असेल.’ आजोबांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, पण क्रियापदं बिनचूक होती. माझ्या सगळ्या शिकवणीतली ही पहिली बाग, जी पुस्तकातून नव्हे, नकाशातून आली होती.

पुढच्या वर्षी आम्ही काँदिस्योनेल घेतलं. जर-तरचं रूप. फ्रेंच वर्तमानपत्रं ते खात्री नसलेल्या बातमीसाठीही वापरतात, ‘असं झाल्याचं कळतं’ अशा अर्थाने. मी उदाहरणं द्यायच्या आत पोरगा लिहून मोकळा झाला होता: ‘जर सीसीची परवानगी मिळाली असती तर काम सुरू झालं असतं. बिल्डरने बँकेचे पैसे भरल्याचं कळतं. बाविसावा मजला अठरावा झाल्याचं कळतं.’ वर्गातल्या कुणालाच हे रूप इतकं सहज आलं नव्हतं. बाकीच्यांची ‘मी श्रीमंत असतो तर बाग घेतली असती’ यातच गाडी अडकली होती.

गेल्या आठवड्यात त्याच्या आईचा फोन आला. म्हणाल्या, “मॅडम, बिल्डरकडून भाडं आलेलं नाही, तर फी पुढच्या महिन्यात दिली तर चालेल का?” मी म्हटलं, चालेल की. मग इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि त्यांनी विचारलं, सध्या काय चाललंय शिकवणीत. म्हटलं, स्यूबझाँक्तिफ सुरू केलंय.

“ते काय असतं?”

“इच्छा असेल, शंका असेल, भीती असेल किंवा एखादी गोष्ट झालीच पाहिजे असं म्हणायचं असेल, तर ते रूप वापरतात.”

पलीकडे क्षणभर विचार झाला. मग त्या म्हणाल्या, “रविवारी सोसायटीची स्पेशल जनरल बॉडी आहे. त्याच्या आत मला शिकवून होईल का?”